पेशंटला आत घेण्याआधी ॲनोडचं टोक बघून घ्या

सकाळी एक्स-रेच्या खोलीत आलात की एप्रन, अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज, दारावरचा लाल दिवा हे बघून होतंच. पण दिवसाचं पहिलं एक्स्पोजर पेशंटवर करू नका. ट्यूब रात्रभर गार पडलेली असते. तिच्यातला ॲनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्यावर आदळून एक्स-रे निघतात ती फिरती चकती, टंगस्टन धातूचा असतो आणि थंड टंगस्टन ठिसूळ असतं. त्यावर एकदम मोठा लोड टाकला तर ॲनोडच्या चकतीला तडा जातो. विजेच्या ऊर्जेतून जेमतेम 1 टक्का एक्स-रे निघतात, बाकीची सगळी उष्णता ती चकतीच सोसते. म्हणून कॉलिमेटर (किरणांचा झोत आखणारी झडप) बंद करून, खोली रिकामी ठेवून, मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच वॉर्म-अप द्या. त्या वेळी चकती फिरवणाऱ्या रोटरकडे कान ठेवा. एकसुरी घूं हवी, खरखर आली तर थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. आणखी एक, पेशंटला श्वास धरायला आधी शिकवा, मग प्रेप (एक्स्पोजरआधीच्या तयारीची कळ) दाबा. प्रेपवर बोट ठेवून समजावत बसलात की फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) उगाच तापत राहतं.

आता ट्यूबच्या हाऊसिंगवरच्या खुणा शोधा: अधिक म्हणजे ॲनोड, उणे म्हणजे कॅथोड, जिथून इलेक्ट्रॉन निघतात ते टोक. पुसट झाल्या असतील तर रंगीत पट्टी चिकटवा. ॲनोडचा पृष्ठभाग तिरका असतो, त्यामुळे त्याच्या बाजूला जाणाऱ्या किरणांना त्याच धातूतून जास्त वाट काढावी लागते आणि ते तिथेच कमजोर होतात. म्हणून शरीराचा जाड भाग कॅथोडकडे. मांडीच्या एक्स-रेत खुबा कॅथोडकडे, पायाच्या नडगीला गुडघा, कोपराखालच्या हाताला कोपर. छातीच्या मणक्यांच्या एपीला (समोरून काढलेल्या एक्स-रेला) डोकं ॲनोडकडे. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, छातीकडची बाजू कॅथोडला येईल अशीच ट्यूब बसवलेली असते, तिथे काळजी नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मांडीचं हाड मोडलेल्या एका आजींना मी उलट्या दिशेने झोपवलं. खुब्याचा भाग इतका दाणेदार आला की पुन्हा काढावा लागला. हलवताना त्यांनी ट्रॉलीची दांडी अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड सारखा करून देतं, पण जे किरण पोचलेच नाहीत त्यांची उणीव ते भरत नाही.

ट्यूबपासून प्लेटपर्यंतचं अंतरही आधीच ठरवा. 12 अंश उताराच्या ॲनोडवर 100 सेंटीमीटर अंतराला मध्यापासून ॲनोडकडे जेमतेम 21 सेंटीमीटरपर्यंत किरण पोचतात, आणि 43 सेंटीमीटरच्या प्लेटची अर्धी लांबी 21.5 आहे. म्हणजे पूर्ण लांबी घ्यायची तर ट्यूब आणखी वर न्या. छातीला अंतर 180 सेंटीमीटर असल्याने हा त्रास फारसा जाणवत नाही.

फोकल स्पॉट, म्हणजे ॲनोडवरचा जिथून किरण निघतात तो ठिपका, पेशंट आत येण्याआधी निवडा. हाता-पायाच्या बारीक हाडांना 0.6, पोट आणि कंबरेला 1.2 मिलिमीटर. हा 1.2 चा ठिपका ॲनोडवर प्रत्यक्षात जवळपास 6 मिलिमीटर लांब असतो. उतारामुळे प्लेटकडून तो आखूड दिसतो, आणि उष्णता मात्र मोठ्या जागेवर पसरते. जाड पेशंटला लहान स्पॉट लावला तर एमए (ट्यूबमधला विद्युतप्रवाह) कमी ठेवावा लागतो, वेळ वाढतो, आणि तेवढ्यात पेशंट हलला की चित्र धूसर.

वॉर्म-अपची नोंद वहीत करा. त्याच केव्ही-एमएएसला (व्होल्टेज आणि प्रवाह गुणिले वेळ) प्रतिमा महिन्यागणिक दाणेदार व्हायला लागली, तर ॲनोडचा पृष्ठभाग खडबडीत झाला असण्याची शक्यता आहे, तेही तिथेच लिहा. मग पहिल्या पेशंटला हाक मारा, डोकं कुठल्या टोकाला हे ठरवूनच.