गाडी ठोकली आणि गॅरेज बंद : टोइंग करताना या चुका टाळा

गणपतीच्या दिवसांत मुंबई–गोवा महामार्गावर गाडी ठोकली, तर पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येतं की आज कुणीच कामावर नाही. मेस्त्रीच्या घरी गणपती, त्याच्या हाताखालच्या पोरांच्याही घरी गणपती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा फोन नुसता वाजत राहतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत हीच गत असते. अशा वेळी माणूस घाबरून मिळेल ती टोइंग व्हॅन बोलावतो आणि गाडी ‘गॅरेजला’ पाठवून देतो. गॅरेज मात्र बंद असतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. संगमेश्वर आणि हातखंब्याच्या मध्ये, रात्री साडेनऊची वेळ, पाऊस लागलेला. पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, तशी वळणावर बसलेली. त्यांना चुकवायला गेला आणि गाडी जांभ्याच्या गडग्यावर आदळली. माणसं सुखरूप. बोनेट दुमडलं, रेडिएटर आत गेला, पुढच्या काचेला डाव्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक पडलं. दीड तासाने टोइंगवाला आला आणि गाडी रत्नागिरीला वर्कशॉपच्या बंद फाटकाबाहेर ठेवून गेला. ती तिथे चार दिवस उभी राहिली आणि चारही दिवस पाऊस पडत होता.

पाचव्या दिवशी आम्ही दार उघडलं तर कुबट वास आला. मॅट उचलली, तर खालचा फोम पिळला की पाणी गळत होतं. सीटखालून जाणारी वायरिंग त्या पाण्यात होती, कनेक्टरवर हिरवट थर धरला होता. विम्याचा सर्व्हेअर म्हणाला, ठोकल्याचं नुकसान धरतो, पाण्याचं धरता येणार नाही, ते नंतरचं आहे. मला तेव्हा त्याचा राग आला होता. नंतर पॉलिसी वाचली, तर तो बरोबर होता. अपघाताच्या जागेपासून सहा किलोमीटरवर आमच्या मावशीचं घर, घरापुढे मोठं खळं आणि माडीत ताडपत्री पडलेली, हे आठवलं की अजूनही हळहळ वाटते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

गाडी कुठे ठेवायची हे न ठरवता टोइंग बोलावणं

गॅरेज बंद असताना टोइंग दोनदा होणार, हे आधीच धरून चाला. एकदा रस्त्यावरून सुरक्षित जागी आणि दुसऱ्यांदा गॅरेज उघडल्यावर तिथे. पहिला पल्ला जितका छोटा ठेवाल तितकं बरं. फोन हातात घेतल्यावर आधी क्रेन शोधू नका, जागा शोधा. नातेवाइकाचं अंगण, ओळखीच्या माणसाची वखार, मालकाला विचारून पेट्रोल पंपाची मागची बाजू, पोलिसांना कल्पना देऊन चौकीचं आवार, यातलं काहीही चालेल. लहान गावात गॅरेजमालकाचं घर बऱ्याचदा गॅरेजच्या मागेच असतं. तो काम करणार नाही, पण ‘दादा, चार दिवस गाडी आत ठेवू द्या’ म्हटलं तर फाटक उघडून देतो. सणाच्या दिवशी फोन करताना संकोच वाटतो, पण मला आजवर या कामाला कुणी नाही म्हटलेलं नाही.

टोइंगवाला स्वतःहून ‘आमच्या यार्डात ठेवतो’ म्हणाला, तर दिवसाचं भाडं किती, यार्ड झाकलेलं आहे का आणि गाडी सोडवताना काय कागद लागतील, हे तिथल्या तिथे विचारा. नाहीतर सुट्टी संपेपर्यंत भाड्याची रक्कम टोइंगच्या बिलापुढे जाते.

घटना गंभीर असली तर मात्र यातलं काहीही तुमच्या हातात नसतं. कुणी जखमी असेल तर आधी 108, पोलिसांसाठी 112. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. पोलिसांनी पंचनामा करून परवानगी दिल्याशिवाय गाडी हलवू नका, मग टोइंगवाला कितीही घाई करो.

‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारणं

हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. गॅरेज बंद, टोइंगला दोन तास, गाव दहा किलोमीटरवर, मग वाटतं हळूहळू नेऊ. समोरून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर किंवा त्याचा पाइप फुटलेला असतो. कूलंट वाहून गेलं की टेम्परेचरचा काटाही खरं सांगत नाही, कारण सेन्सर पाण्यात बुडालेला नसतो, कोरड्या हवेत असतो. काटा मधोमध आणि आत इंजिन जाम व्हायच्या बेतात, असं होतं. ऑइल चेंबर फुटला असेल तर एक-दोन किलोमीटरसुद्धा पुष्कळ झाले.

खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत स्पष्ट अट असते की दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते मालकाच्या जोखमीवर. तिच्यातच असंही म्हटलेलं असतं की अपघातानंतर योग्य काळजी न घेता गाडी बेवारस सोडू नये. आमचं पाण्याचं नुकसान याच अटीत गेलं. दहा किलोमीटर वाचवायला जाऊन इंजिनाचा खर्च अंगावर घेऊ नका. गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा काळा ओघळ दिसला की किल्ली काढा.

‘गाडी उचलायचीय’ एवढंच सांगणं

फोनवर तुम्ही जेवढं सांगाल तसंच वाहन येतं. सण असला की दुसरं वाहन मिळायला परत तीन तास जातात. म्हणून पाच गोष्टी एका दमात सांगा : गाडीचं मॉडेल, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, कोणती चाकं फिरत नाहीत, गाडी रस्त्यावर आहे की गटारात, आणि सोडायची कुठे. सोबत चारी बाजूंचे फोटो आणि लोकेशन पाठवा.

ठोकलेल्या गाडीला शक्यतो फ्लॅटबेडच मागा, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक. दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर फरपटत नेणारी व्हॅन बंद पडलेल्या गाडीला ठीक आहे. ठोकलेल्या गाडीचं मागचं चाकही सरळ आहे याची खात्री रात्रीच्या अंधारात देता येत नाही. स्विफ्ट, एर्टिगा, आय ट्वेन्टी यांसारख्या गाड्यांची पुढची चाकं इंजिनाने फिरतात. ती जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढली, तर इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्सला तेल मिळत नाही आणि तो जळतो. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो यांची मागची चाकं फिरतात, तिथे हिशेब उलटा. चारही चाकं फिरणारी गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी यांना फ्लॅटबेडशिवाय हात लावू देऊ नका. इलेक्ट्रिक गाडीची चाकं ओढताना फिरली की मोटर वीज तयार करायला लागते.

कोकणात आणि घाटात हायड्रा, म्हणजे चाकांवर फिरणारी क्रेन, लवकर मिळते. दरीच्या कडेवरून किंवा गटारातून गाडी वर काढायला ती हवीच. पण पट्ट्याने लोंबकळत दहा किलोमीटर नेऊ देऊ नका, दरवाजांखालची पट्टी वाकते. साखळी कुठे अडकवतायत ते स्वतः वाकून बघा. स्टिअरिंगच्या रॉडला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला साखळी घातली की वाचलेलं पुढचं चाकही गेलं.

गावातला कुणी भला माणूस ट्रॅक्टर आणि दोर घेऊन येतो. त्याचे आभार माना, पण ठोकलेल्या गाडीचं दोराने टोचन करू नका. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड येतं. धड गाडीसाठीसुद्धा टोचनाचा वेग ताशी 25 किलोमीटर आणि दोन गाड्यांतलं अंतर 5 मीटर, या मर्यादा आहेत. घाटाच्या उतारावर तेवढ्यातही पुढच्या गाडीवर जाऊन आदळतो.

बॅटरी आधीच काढून टाकणं

शॉर्ट सर्किटच्या भीतीने लोक आल्याआल्या बॅटरीचा पॉइंट सोडतात. मग हल्लीच्या गाड्यांत डिकी उघडत नाही, काचा वर जात नाहीत, बटणाचा हँडब्रेक सुटत नाही आणि ऑटोमॅटिकचा गिअर पार्किंगमधून हलत नाही. टोइंगवाला मग चाकं जाम असतानाच विंचने, म्हणजे ट्रकवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढतो.

धूर, जळका वास, पेट्रोलची गळती यातलं काही असेल तर सगळं सोडा, माणसं लांब न्या आणि 112 लावा. तसं काही नसेल, तर क्रम असा ठेवा. काचा वर करा. डिकी उघडून सामान आणि गाडी ओढायचा टो हुक काढा. तो बहुतेक गाड्यांत स्टेपनीजवळ जॅक-पान्ह्याच्या पिशवीत असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आटे फिरवून बसवायचा असतो. सीएनजी गाडी असेल तर डिकी उघडीच आहे तोवर टाकीवरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. विंचचा दोर लागल्यावरच, त्याआधी नाही, हँडब्रेक सोडून गिअर न्यूट्रलला घ्या. बॅटरी मेलेली असून गिअर हलत नसेल, तर पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी लहानशा टोपणाखाली एक खाच असते. ती स्क्रू ड्रायव्हरने दाबून, ब्रेकवर पाय ठेवून दांडा सरकवता येतो. गाडी मुक्कामी पोचली की मग बॅटरीचा काळा, म्हणजे मायनसचा पॉइंट सोडा.

हे सगळं होईपर्यंत घरच्यांना गाडीत बसवून ठेवू नका, पाऊस असला तरी. कठड्याच्या पलीकडे उभं करा. धोक्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, वळणावर नको.

पैशाचं तोंडी ठरवणं

‘चार हजारात नेतो’ हा आकडा गाडी उतरवताना सात हजार होतो. मधले तीन हजार विंचिंगचे, रात्रीचे, टोलचे, थांबल्याचे आणि रिकामं परत जाण्याचे असतात. किलोमीटर एका बाजूचे धरणार की दोन्ही, एवढं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदत क्रमांक आहे. टोलच्या पट्ट्यात त्यांची क्रेन मिळू शकते, पण तिचं काम रस्ता मोकळा करणं आहे, तुमच्या मुक्कामी पोचवणं नव्हे.

सर्वसमावेशक पॉलिसी गाडी हलवण्याचा खर्च देते, पण मूळ पॉलिसीत खासगी गाडीसाठी एका अपघाताला मर्यादा 1,500 रुपयांची आहे. त्यापलीकडे रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यावरच्या मदतीची जोडसेवा, घेतलेला असेल तरच. तो असेल तर फोनवर सरळ विचारा : जवळचं वर्कशॉप बंद आहे, आज गाडी घरी सोडून चार दिवसांनी दुसरं टोइंग द्याल का? काही जण देतात, काही जण दुसरी फेरी मोजत नाहीत. उत्तर काहीही असो, ते आत्ताच कळलेलं बरं. आणि क्लेम त्याच रात्री नोंदवून क्रमांक घ्या. विमा कंपनीची हेल्पलाइन सणालाही चालू असते. ‘गॅरेज उघडल्यावर कळवू’ म्हणून चार दिवस घालवू नका. गाडी कुठे ठेवतोय हेही त्यांना त्याच फोनवर सांगा, म्हणजे नंतर कुणी बेवारस सोडली म्हणणार नाही.

गाडी ट्रकवर चढल्यावर ट्रकच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. आरसी बुकाची मूळ प्रत ड्रायव्हरला देऊ नका. वाटेत टोल असेल तर काचेवरच्या फास्टॅगवर फॉइल गुंडाळा, कारण ट्रकवरच्या तुमच्या गाडीचाही टॅग वाचला जाऊ शकतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात.

मुक्कामी पोचल्यावर ‘झालं एकदाचं’ म्हणणं

खरी राखण इथून सुरू होते. फुटलेल्या काचेवर आतून प्लास्टिक लावा, वरून ताडपत्री घाला आणि ती चाकांना बांधा. नुसते दगड ठेवले तर कोकणचा वारा ती रात्रीतून उडवतो. नाक वर, शेपूट खाली अशी गाडी उतारावर उभी करू नका, पाणी मागच्या सीटखाली साठतं. खाण्याचं काहीही आत ठेवू नका, प्रसादाचा एक मोदकसुद्धा. उंदीर वासाने येतात आणि वायरिंग कुरतडतात. पेट्रोल किंवा ऑइल गळत असेल तर बंद खोलीत किंवा गोठ्याला लागून ठेवू नका. इलेक्ट्रिक गाडी घरापासून, गवताच्या उडवीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. मार लागलेली बॅटरी काही दिवसांनीसुद्धा पेट घेऊ शकते.

शेजारचा हौशी मेकॅनिक ‘बंपर काढून बघतो’ म्हणेल. त्याला नको म्हणा. विम्याचा सर्व्हे होईपर्यंत एक स्क्रूही काढायचा नाही.

गॅरेज उघडेल त्या सकाळी लवकर फोन लावा. सण संपल्यावर ठोकलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि आधी नाव लागलं तर आठवडा वाचतो. दुसरं टोइंग आलं की ताडपत्री काढून पुन्हा चारी बाजूंचे आणि आतल्या मॅटखालचे फोटो काढा, मगच गाडी वर चढवू द्या.