गोदाघाटावर जलरंग करताना सावली आधी पकडा

प्रवासात चित्र काढायची हौस असेल तर नाशिककरांना लांब जायची गरज नाही. गोदाघाटानं शिवाजी तुपेंसारख्या चित्रकारांना आयुष्यभर विषय पुरवले.

सकाळी आठच्या आत बसा. उन्हाची तिरीप सरकत राहते, म्हणून पेन्सिलनं ढोबळ आकार मांडतानाच सावल्यांच्या कडा आखून घ्या आणि नंतर ऊन कितीही हललं तरी त्या बदलू नका. नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड दिसतो म्हणून नळीतला काळा रंग घेऊ नका, चित्र मेल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त झाला तर गार सावली, तपकिरी जास्त झाला तर ऊन लागलेला दगड. पाण्यावरची चमक म्हणजे कोरा कागदच, ती जागा पहिल्यापासून सोडावी लागते.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जमल्यास कॉटनचा. एप्रिलमध्ये वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, बघता बघता सुकतो, तेव्हा कागद मागूनही ओला करा. श्रावणात उलट, एक थर वाळेपर्यंत चहा होतो. गर्दी मात्र शेवटी, ब्रशच्या दोन-चार ठिपक्यांत. चेहरे काढत बसू नका.