अंड्यावरून उतरलेल्या कोंबड्या: कापायच्या आधीची तयारी

अंडी द्यायच्या थांबलेल्या घरच्या कोंबड्या कापायचा दिवस आधी कॅलेंडरवर शोधावा लागतो. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार गेले, चतुर्थी-एकादशी गेली, घरात कुणाचा आणखी कसला वार असेल तर तोही गेला. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. पोरांची शाळा, मोठ्यांची नोकरी धरली की रविवारच. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे या कामाचा खरा महिना म्हणजे आखाड, कारण पुढं श्रावण लागला की महिनाभर वशाट बंद. आखाड बरा वाटायला दुसरंही कारण आहे. कोंबड्या जुनी पिसं टाकतात ती साधारणपणे पावसाळा सरताना, दिवस लहान व्हायला लागले की. त्या दिवसांत कापलेल्या कोंबडीच्या अंगावर नव्या पिसांचे खुंट असतात आणि ते चिमट्यानं एकेक उपटताना दुपार होते. म्हणून आधी मानेवर, पाठीवर बोटं फिरवून बघा. खुंट टोचले तर ती कोंबडी दीड-दोन महिने मागं ठेवा. आखाडाचा एकच तोटा, पाऊस. पडवी किंवा पत्र्याची शेड मोकळी करून ठेवा, नाहीतर जाळ पेटणार नाही आणि सगळ्यांचा पारा चढेल.

आता कोणत्या कापायच्या. हे काम घाईनं करू नका, कारण दिसण्यावरून कोंबडी हमखास फसवते. सगळ्यांत चकचकीत, पिसांनी भरलेली, थोराड कोंबडीच बहुतेक वेळा अंडं देत नसते. जिचं खाणं अंड्यात जातं ती बिचारी पिसं झडलेली, फिकट पायांची दिसते. पिवळ्या पायांच्या जातीत तर हा हिशोब पायावरच लिहिलेला असतो. अंडी देत राहिली की पायाचा पिवळा रंग उतरतो, अंडी थांबली की परत चढतो. तुरा बघा. लाल, मऊ, भरलेला असेल तर ती चालू आहे. आक्रसलेला, फिकट, वर पांढरट कोंडा धरलेला असेल तर थांबलेली आहे. मग कोंबडी काखेत धरून शेपटीखाली चाचपा. तिथं दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे, एखादंच बोट कसंबसं बसलं तर उतरली. तरीही शंका राहिली तर तिला चार-पाच दिवस डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली) वेगळी ठेवा, दाणा-पाणी नेहमीसारखं द्या आणि खाली अंडं येतं का बघा. खुडूक (अंडी उबवायला) बसलेली कोंबडी या तपासणीत नापास होते, तिला चुकून यादीत घेऊ नका. ती पंधरा-वीस दिवसांनी उठते आणि परत अंड्यावर येते. आणि माझं मत विचाराल तर चांगली उबवणारी, पिल्लं सांभाळणारी गावरान कोंबडी चार वर्षांची झाली तरी कापू नये. अंडी कमी देईना का, तिच्याइतकं स्वस्त उबवणी यंत्र मिळत नाही.

आजारी कोंबडी मात्र कापून मोकळं व्हायचं हा विचार डोक्यातून काढून टाका. ‘मरायच्या आत कापली’ हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि तेच सगळ्यांत घातक आहे. मान वाकडी, पाय ओढत चालणं, हिरवट पातळ शेण, नाकातोंडातून पाणी, श्वासाला घरघर असं काही दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. एकाच वेळी चार-पाच मेल्या तर हातसुद्धा लावू नका, लगेच कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथल्या कोंबड्या लाखांनी नष्ट कराव्या लागल्या होत्या, ते खानदेशातले पोल्ट्रीवाले अजून विसरलेले नाहीत. निरोगी कोंबडीलाही अलीकडे जंताचं किंवा सर्दीचं औषध दिलं असेल तर बाटलीवर किती दिवस मांस-अंडी खाऊ नयेत ते छापलेलं असतं. तेवढे दिवस मोजूनच तारीख धरा.

किती कापायच्या? हात मोजा. पिसं काढायला सवय नसलेल्या माणसाला एका कोंबडीला अर्धा तास सहज लागतो, त्यात ही म्हातारी, हिची पिसं घट्ट. चार मोठी माणसं असतील तर पहिल्या खेपेला चारच्या वर जाऊ नका. पावणेदोन किलोची कोंबडी साफ करून किलो-सव्वा किलोवर येते, म्हणजे चारात घर जेवून भावकीतही वाटे जातात.

अर्धं काम आदल्या संध्याकाळीच उरकतं. कोंबड्या खुराड्यात शिरून अंधार पडला की ठरलेल्या तेवढ्या अलगद काढा. अंधारात त्या गडबडत नाहीत, दिवसा मागं पळालात तर अख्खी वाडी गोळा होईल. दोन्ही हातांनी पंख दाबून धरा, एका पायाला लोंबकळवत नेऊ नका. त्यांना डालग्याखाली किंवा हवेशीर खोक्यात ठेवा. दाणा बंद, पाणी चालू, असं १० ते १२ तास. पोट रिकामं असलं की आतडं फुटून घाण होत नाही आणि गळ्याची थैलीही सहज निघते. पाणी मात्र तोडू नका, पाण्याविना कातडी चिकटते.

त्याच संध्याकाळी पोरांशी बोला. ज्या कोंबडीला नाव आहे ती कुणाची लाडकी आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं, मग सकाळी तिचं खोकं रिकामं दिसायला नको. सरळ सांगा: हिनं दोन वर्षं अंडी दिली, आता ती कापायची आहे, तुला बघायचं नसेल तर आत्याकडं जा, बघायचं असेल तर माझ्या शेजारी उभं राहा. जबरदस्ती नको आणि ‘भित्रा आहेस’ म्हणून चिडवणंही नको. चिडवणारा काका प्रत्येक घरात एक असतो, त्याला लाकडं फोडायला बसवा. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या पोरांना पिसं काढायला, पाणी आणायला, पिशव्या धरायला बसवता येतं. सुरी आणि उकळतं पाणी मोठ्यांच्याच हातात.

सुरीला धारही रात्रीच लावा. कागदाचा तुकडा हातात धरून कापून बघा. फाटला तर परत दगडावर. कोंबडीला होणारा त्रास बराचसा बोथट सुरीचा असतो. एक सुरी कापायला, एक छोटी आतलं काढायला, तुकडे करायला विळी किंवा कोयता, आणि खाली ओंडका. मांस धरायची परात आणि पिसांची पाटी कधी एक होऊ देऊ नका. पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिकचा कॅन असेल तर त्याचा तळ कापून टाका, तोंड मुठीएवढं मोठं करा आणि उलटा करून खांबाला पक्का बांधा. कोंबडी त्यात डोकं खाली करून बसते, मान बाहेर येते, पंख फडफडत नाहीत. दोन पायांखाली पंख दाबून कापायची जुनी रीत आहेच, पण एकट्यादुकट्याला हा कॅन बरा.

कापणार कोण हेही नक्की झालेलं असावं. अनेक गावांत आजही मुलाणी चाचांना बोलावतात, त्यांचा हात सराईत असतो. बोलावणार असाल तर वेळ आधी घ्या, आखाडातल्या रविवारी त्यांना घरोघरी जायचं असतं. घरातलं कुणी कापणार असेल तर एकानं धरायचं, एकानं कापायचं आणि त्या वेळी तिसऱ्यानं बोलायचं नाही. जबड्याच्या जरा खाली, एकाच दमात, दोन्ही बाजूंच्या शिरा तुटतील असा काप. रक्त पूर्ण वाहून जायला दोन-तीन मिनिटं द्या. हालचाल थांबल्याखेरीज पाण्यात घालायची नाही. उरलेल्या कोंबड्या तोवर घराच्या दुसऱ्या अंगाला कोंडलेल्या असाव्यात.

पाण्याचं गणित सोपं आहे. बंब किंवा चुलीवरचं पातेलं खळखळ उकळू द्या आणि मोठ्या घमेल्यात उकळतं नि साधं पाणी सारखं मिसळा. ६० अंशांच्या आसपास येतं, तेवढंच हवं. निव्वळ उकळत्या पाण्यात बुडवली तर कातडी शिजते आणि पिसाबरोबर फाटून येते. पायाला धरून मिनिटभर खालीवर हलवा, मग पंखाचं एक मोठं पीस ओढा. सहज आलं तर बाहेर काढा. दर दोन कोंबड्यांमागं घमेल्यात उकळत्या पाण्याची भर घाला. आधी पंख आणि शेपटी, मग पाठ, छाती शेवटी, कारण तिथली कातडी नाजूक. पायांनाही बुडवून वरची पिवळी साल ओढून काढा. रश्श्याला पाय फार चांगले.

उरलेली बारीक लव जाळावर जाते. आमच्याकडं उसाचं पाचट लागतं, भाताच्या मुलखात पेंढा. भडका उडाला की कोंबडी फिरवत भाजायची, मग हळद चोळायची, सुरीच्या पाठीनं खरवडून धुवायची. गॅसच्या शेगडीवर हे होतं, पण तो वास येत नाही.

आतलं काढणाऱ्या माणसाची निवड जपून करा, हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. शेपटीच्या मुळाशी वर एक पिवळी तेलाची गाठ असते, ती आधी कापून टाका; राहिली तर रश्श्याला उग्र वास येतो. गळ्याची थैली सोडवा. मग शेपटीखाली आडवा छेद, बोटं फासळ्यांना लावून आत घालायची आणि सगळं एकदम बाहेर ओढायचं. काळजाला हिरव्या रंगाची पित्ताची थैली चिकटलेली असते. तिच्याभोवतीचं बोटभर काळीज गेलं तरी चालेल, पण तिला धक्का नको. फुटली की कडूपणा धुऊनही जात नाही. पेटा, म्हणजे दाणे दळणारं जाड पोट, मधोमध चिरला की आत खडे आणि हिरवट चोथा निघतो. तो झाडून आतली पिवळी कातडी नखानं धरून सोलली की अख्खी निघते. पोरं याच कामावर भांडतात.

पाठीच्या कण्याला लागून अंड्यांचा घोस दिसेल. इथं तुमच्या निवडीचा निकाल लागतो. बाजरीच्या दाण्यांएवढे बारीक, सुकलेले ठिपके असतील तर कोंबडी खरोखरच उतरलेली होती. लिंबापासून वाटाण्यापर्यंत उतरत्या मापाचे पिवळेजर्द बलक ओळीनं लागलेले निघाले, त्यातच कवच धरत आलेलं एखादं अंडं, तर चालती कोंबडी कापली गेली. झालं ते झालं. बलक वाटीत काढा आणि रस्सा तयार झाल्यावर शेवटची पाच-सात मिनिटं सोडा. पण पोटात पिवळं पाणी साठलेलं, दह्यासारख्या गाठी, घाण वास किंवा काळजावर पांढरे ठिपके दिसले तर ती कोंबडी कितीही किलोची असो, खड्ड्यात. म्हाताऱ्या अंड्यावरच्या कोंबड्यांत हे निघतं, म्हणून हिशोबात एक कोंबडी जास्तीची धरलेली बरी.

खड्डा आधीच खणून ठेवायचा, कमरेएवढा खोल. पिसं, आतडी, वर चुना, वर माती, त्यावर दगड. नाहीतर रात्री कुत्री उकरून अंगणभर करतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीत हा घाट घालूच नये, गावी जावं.

स्वयंपाकघराला वेळ आधी सांगा, कारण ही कोंबडी तासाभरात शिजणारी नव्हे. तिचं सुकं करायचा मोह टाळा; दात दुखतील. कापून तासाभरात चुलीवर चढली तर बरी, एकदा अंग ताठरलं की ती आणखी चिवट होते. मग सरळ दिवसभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी करा. पोटातली पिवळी चरबी टाकू नका, पातेल्यात तीच वितळवून कांदा परता, तेल लागत नाही. आलं-लसूण, हळद, मीठ आणि भरपूर पाणी. कुकरला आठ-दहा शिट्ट्या आणि वर मंद आचेवर १५ मिनिटं, पातेल्यात झाकण ठेवून अडीच-तीन तास. कच्च्या पपईचा वाटलेला गर अर्धा तास आधी चोळला तर वेळ वाचतो. शिजलं की मसाला घालायच्या आत आळणी पाणी काढून घ्या, मिरपूड घालून पोरांना आणि म्हाताऱ्यांना आधी द्या. मग भाजलेला कांदा-खोबरं, तीळ, खसखस आणि घरचं कांदा-लसणाचं तिखट. भाकऱ्यांचं पीठ दुप्पट मळा.

कच्च्या मांसाची विळी, ताट आणि हात साबणानं धुतल्याखेरीज कोशिंबिरीकडं वळू नका. वाटे पाठवायचे ते लगेच पाठवा, उरलेलं दोन तासांत फ्रीजमध्ये.

दुपारी सगळे आडवे व्हायच्या आत खुराडं झाडून, फळ्या उन्हात टाकून, चुना मारून घ्या. मागाहून कुणी हात लावत नाही. नव्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणणार असाल तर आठव्या आठवड्याची मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का ते विकणाऱ्याला विचारा, दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा आणि रात्री अंधारातच जुन्यांच्या शेजारी फळीवर बसवा.