सहकुटुंब सहलीत ग्लूटेनमुक्त जेवणाची सुरक्षित जागा कशी शोधावी

आमच्या घरात मुलीला सीलिअॅक आजार आहे, त्यामुळे सहल ठरली की तिकिटांच्या आधी आम्ही जेवणाची चौकशी सुरू करतो. या आजारात गहू, बार्ली किंवा राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू लागते. आजमितीस यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लूटेन पूर्णपणे वर्ज्य करणे. सहलीचे चार दिवसही त्याला अपवाद नाहीत.

'पूर्णपणे' म्हणजे किती, हे आकड्यांत समजून घेतलेले बरे. खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नाही, त्यालाच ग्लूटेनमुक्त म्हणता येते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन सुरक्षित मानले जाते, आणि गव्हाच्या ब्रेडच्या एकाच स्लाइसमध्ये ते दोन ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणजे स्लाइसचा दोनशेवा भाग, बोटाच्या टोकाला चिकटेल एवढा चुरा, हीच दिवसभराची मर्यादा. हा हिशेब पटला की पदार्थात काय घातले आहे याच्याइतकेच तो कोणत्या भांड्यात, कोणत्या तेलात आणि कशाच्या शेजारी तयार झाला हेही विचारावे लागते.

शोधाची सुरुवात निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे करावी. अनेक देशांत सीलिअॅक रुग्णांच्या संघटना आहेत आणि त्यांपैकी काही संघटना प्रशिक्षण देऊन तपासलेल्या उपाहारगृहांची यादी ठेवतात. ज्या ठिकाणी जायचे आहे तिथे अशी यादी असेल तर आधी तीच पाहावी. त्यानंतर इंटरनेटवरील अभिप्राय वाचावेत, मात्र नीट पारखून वाचावेत. 'मी इथे जेवलो आणि मला काहीच त्रास झाला नाही' या वाक्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण सीलिअॅकच्या काही रुग्णांना आतड्याला इजा होत असतानाही कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत. याउलट 'तळण्यासाठी वेगळी कढई आहे' किंवा 'आचारी स्वतः बाहेर येऊन बोलला' असे कोणी लिहिले असेल, तर ते ठिकाण मी वहीत टिपून ठेवते. अभिप्रायाची तारीखही पाहावी; आचारी बदलला की जुना अभिप्राय कामाचा राहत नाही.

चार-पाच नावे हाती आली की फोन करावा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग फोनचाच होतो. तो जेवणाच्या ऐन गर्दीत न करता दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणामधल्या निवांत वेळी करावा, आणि शक्यतो आचाऱ्याशी किंवा व्यवस्थापकाशी बोलावे. 'तुमच्याकडे ग्लूटेनमुक्त मिळते का?' असे विचारले की बहुधा 'हो' असेच उत्तर येते आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी 'तळलेले बटाटे ज्या तेलात तळता, त्यात आणखी काय काय तळता?', 'ग्लूटेनमुक्त पास्ता उकळायला पाणी आणि चाळणी वेगळी घेता का?', 'सूप दाट कशाने करता?' असे प्रश्न विचारावेत, म्हणजे समोरच्याला कामाची पद्धत सांगावीच लागते.

एकदा एका उपाहारगृहाच्या मेनूवर तळलेल्या बटाट्यांपुढे ग्लूटेनमुक्त अशी स्पष्ट खूण होती. तेलाचे विचारल्यावर वाढपी आत जाऊन आला आणि म्हणाला की ब्रेडचा चुरा लावलेले मासेही त्याच कढईत तळतात, पण तेल अगदी कडकडीत तापलेले असते. खूण करणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते, कारण बटाट्यात ग्लूटेन नव्हतेच. पण तेलात ते होते, आणि तळण्याच्या उष्णतेने ग्लूटेन नाहीसे होत नाही. मुलीला तिथे सालासकट भाजलेला बटाटा आणि फळे मिळाली, आणि तेव्हापासून तेलाचा प्रश्न आम्ही सर्वांत आधी विचारतो.

तेलाखालोखाल लक्ष द्यायच्या जागा म्हणजे सगळ्यांसाठी एकच असलेला टोस्टर, मैद्याने दाट केलेले सॉस, सोया सॉस (तो बहुधा गहू घालूनच बनवलेला असतो), बार्लीपासून होणारे माल्ट, आणि ओट्स. ओट्सची लागवड व साठवण गव्हाच्या शेजारी होत असल्याने ते मुद्दाम वेगळे पिकवलेले नसतील तर टाळावेत. पीठ मळण्याचे काम जिथे उघड्यावर दिवसभर चालते तिथे पिठाची धूळ सगळ्यावर बसते, म्हणून अशा ठिकाणी वेगळा पदार्थ मागूनही उपयोग होत नाही. बुफेत लोक एका पदार्थाचा डाव दुसऱ्यात घालतात. बुफेशिवाय पर्याय नसेल, तर रुग्णासाठी आतून, न उघडलेल्या भांड्यातून वाढून आणण्याची विनंती करावी.

मिळालेले उत्तर कसे जोखायचे? 'काही काळजी करू नका' असे झटकन म्हणणाऱ्यापेक्षा 'थांबा, सॉसच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते पाहून सांगतो' म्हणणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते. 'आज आमच्याकडे जमणार नाही' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांचे तर मनापासून आभार मानावेत. मोजकेच पदार्थ स्वतः रांधणारे छोटे ठिकाण पुष्कळदा मोठ्या, लांबलचक मेनूच्या ठिकाणापेक्षा सुरक्षित ठरते, कारण तिथे कशात काय आहे हे एका माणसाला पूर्ण ठाऊक असते.

परक्या भाषेच्या प्रदेशात जाताना त्या भाषेतले एक कार्ड छापून न्यावे. त्यावर आजाराचे नाव, वर्ज्य धान्ये, ती लपून बसतात ते पदार्थ, आणि भांडी, तवा, चिमटा व हात स्वच्छ धुण्याची विनंती असावी. भाषांतर ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही गव्हासारख्या धान्यांसह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, आणि तिची फार मदत होते. तरीही ती माहिती घटकांची असते. कढई सामाईक आहे की नाही हे विचारावेच लागते.

सगळी जेवणे बाहेर घेण्याचा आग्रह मात्र धरू नये. छोटेसे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली की न्याहारी आणि एखादे जेवण घरचेच होते. सोबत स्वतःचा छोटा तवा आणि चाळणी न्यावी. विमानात ग्लूटेनमुक्त जेवणाची नोंद आधीच करावी आणि तरीही पिशवीत फळे, साधे सुके मेवे आणि पोटभरीचा एक डबा ठेवावा. रात्री नऊ वाजता, भुकेलेले मूल कडेवर असताना, माणूस नको त्या ठिकाणी 'चालेल' म्हणून जातो; डबा असला की तो क्षण टळतो. भावंडांच्या पोटाचाही विचार व्हावा, पण निदान टेबलाच्या मध्यभागी ब्रेडची टोपली मागवू नये. चुरा उडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एका मुलाला सगळा वेळ तिच्याकडे बघत बसावे लागते.

ताट समोर आले की वाढप्याला पदार्थाचे नाव घेऊन पुन्हा विचारावे. त्यावर चुकून ब्रेडचा तुकडा ठेवलेला असेल तर तो उचलून टाकल्याने ताट सुरक्षित होत नाही, हे शांतपणे सांगून नवे ताट मागावे आणि ते येईपर्यंत जुने टेबलावरून नेऊ देऊ नये, नाहीतर तुकडा काढून तेच ताट परत येण्याची शक्यता असते. आणि एखादे ठिकाण खरोखर चांगले निघाले, तर नवे शोधत न बसता दुसऱ्या दिवशीही तिथेच जावे. मात्र सॉसची बाटली आणि पाळीवरचा आचारी रोज बदलू शकतो, म्हणून तेलाचा प्रश्न तेव्हाही विचारावा.