एकाच इंग्रजी क्रियापदाचे दोन उलट अर्थ कसे ओळखावेत

सिद्धेश्वराच्या देवळात नारळ ‘वाढवला’ म्हणजे तो फोडला, नवी पेठेत रात्री दुकान ‘वाढवले’ म्हणजे ते बंद केले, पण त्याच दुकानदाराने धंदा ‘वाढवला’ म्हटले की भरभराटीची बातमी कळते. सोबतच्या नामावरून अर्थ ठरवण्याची ही सवय सोलापूरच्या विद्यार्थ्याने इंग्रजी वाचताना सोडू नये.

‘सीड’चे कर्म शेत असेल तर बी पेरायचे असते आणि फळ असेल तर बिया काढायच्या असतात. ‘सँक्शन’चे कर्म कर्ज, रजा किंवा प्रस्ताव असेल तर मंजुरी समजावी, देश किंवा व्यक्ती असेल तर निर्बंध किंवा शिक्षा. हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा संबंध कायदा पवित्र व बंधनकारक ठरवण्याशी होता, आणि कायद्यात मुभा व दंड दोन्ही असल्यामुळे पुढे अर्थाला दोन फाटे फुटले.

‘रेंट’पाशी मात्र नाम कामाला येत नाही, कारण भाड्याने दिलेले काय आणि घेतलेले काय, घर ते घरच. मराठीत ‘देणे’ आणि ‘घेणे’ हा भेद उघड असतो, जपानीत तर त्यासाठी ‘कासु’ आणि ‘कारिरु’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत, त्यामुळे दोन्ही भाषांचे विद्यार्थी इथे अडखळतात. अशा वेळी पुढचे शब्दयोगी पाहावे: ‘टू’ असेल तर दिले, ‘फ्रॉम’ असेल तर घेतले. स्वतः लिहिताना, द्यायचे असल्यास, ‘रेंट आउट’ लिहावे. ‘क्लीव्ह’लाही ‘टू’ जोडलेले दिसले की चिकटणे समजावे, एरवी चिरणे. मुळात ते दोन वेगळे जुने शब्द होते.

यंत्रमागाच्या या गावाला ‘रॅव्हल’ जवळचे वाटावे, कारण सूत गुंतणे आणि गुंता सुटणे असे दोन्ही त्यात येते. माझ्या मते ते वाचून ओळखावे, लिहू नये. ‘टँगल’ आणि ‘अनरॅव्हल’ पुरेसे आहेत.

‘टेबल’चा उलगडा वाक्यात सापडतच नाही. भारतात आणि ब्रिटनमध्ये विधेयक ‘टेबल’ होते म्हणजे सभागृहात मांडले जाते, अमेरिकेत मात्र त्याची चर्चा लांबणीवर पडते. म्हणून आधी मजकूर कोणत्या देशातला आहे ते पाहावे, आणि टॉवेलच्या निर्यातीसाठी अमेरिकी ग्राहकाला पत्र लिहिणाऱ्याने हे क्रियापद टाळून सरळ ‘पोस्टपोन’ किंवा ‘डिस्कस’ लिहावे.