मतदानाची रांग लांब असेल तेव्हा

२० मे २०२४ रोजी मुंबईत अनेक केंद्रांबाहेर मतदार उकाड्यात बराच वेळ ताटकळले होते. म्हणून आदल्या रात्रीच यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण एकाच शाळेत चार-पाच खोल्यांत केंद्रे असतात आणि चुकीच्या रांगेत गेलेला तास परत मिळत नाही. मोबाईल आत नेता येत नाही, तो घरीच ठेवलेला बरा. घरात ८५ वर्षांवरील आजी-आजोबा असतील, तर निवडणुकीची अधिसूचना निघाल्यानंतर पाच दिवसांत १२-डी नमुना भरून घरूनच मतदानाची सोय मिळवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येते. केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात, तेव्हा कोणी ‘आता बंद झाले’ म्हटले तरी जागा सोडू नये.