एडिटरने मान टाकण्याआधीची तयारी

आत्ता जो टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर किंवा कोड लिहायचा प्रोग्रॅम, उघडा आहे त्यातले टॅब मोजा. त्यांपैकी किती बिननावाचे आहेत, तेही बघा. माझ्याकडे हा आकडा एकदा अकरावर गेला होता. ‘न्यू ७’मध्ये एका बैठकीचं टिपण होतं, ‘न्यू ९’मध्ये अर्धवट पत्र, आणि बाकीच्यांत काय होतं ते उघडून बघितल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं. त्यातलं टिपण गेलं. एडिटर क्रॅश वगैरे काही झाला नव्हता. मी टॅब आवरायला घेतले, ‘सेव्ह करायचं का?’ या प्रश्नाला चार वेळा विचार करून ‘नको’ म्हटलं आणि पाचव्यांदा बोटाने सवयीने दाबलं. असा ‘नको’ ऐकला की बहुतेक एडिटर स्वतःजवळची प्रतही पुसून टाकतात, कारण तुम्हीच तसं सांगितलेलं असतं.

म्हणून तयारीतलं पहिलं काम बारशाचं. लिहायला बसलात की पहिल्या ओळीआधी फाइल सेव्ह करा, रिकामी असली तरी चालेल. पुढची बरीचशी सुरक्षा फाइलच्या नावावर टांगलेली असते. ईमॅक्स या एडिटरचंच बघा: नाव असलेल्या फाइलची तो आपोआप जादा प्रत ठेवतो, पण सुरुवातीला उघडणारं ‘स्क्रॅच’ पान त्यात धरत नाही. हे पान सेव्ह न होणाऱ्या मजकुरासाठी आहे, असं त्याच पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ रोज दिसते म्हणूनच कुणी वाचत नाही.

दुसरं काम म्हणजे आपला एडिटर नक्की काय करतो ते समजून घेणं. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. ‘ऑटोसेव्ह’ म्हणजे तुमच्या मूळ फाइलवरच परस्पर लिहिणं. दुसरी पद्धत मूळ फाइलला हात लावत नाही. न सेव्ह केलेला मजकूर ती कुठेतरी बाजूला ठेवते आणि एडिटर पुन्हा उघडला की तो जसाच्या तसा समोर आणते. व्हीएस कोड आणि सब्लाइम टेक्स्टमध्ये हिला ‘हॉट एक्झिट’ म्हणतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये बॅकअपच्या सेटिंगखाली ती ‘सेशन स्नॅपशॉट’ म्हणून सापडते. विंडोज ११च्या साध्या नोटपॅडलाही 2023 साली ही बुद्धी झाली. मॅकच्या टेक्स्टएडिटमध्ये 2011च्या ‘लायन’ आवृत्तीपासून आपोआप सेव्ह होतं आणि जुन्या आवृत्त्याही राहतात.

यातलं कोणतं निवडायचं हे मजकुरावर ठरतं. लेख, पत्र, टिपणं यांना ऑटोसेव्ह उत्तम. पण एखाद्या चालू सेवेची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडली असेल, किंवा फाइल बदलली की लगेच चाचण्या पळवणारं काही मागे बसलेलं असेल, तर अर्धं वाक्य लिहिलेली फाइल दर सेकंदाला डिस्कवर जाणं म्हणजे आपणच घातलेला घोळ. शिवाय ‘काही बदललंच नाही असं समजून बंद कर’ ही पळवाट ऑटोसेव्हमध्ये उरत नाही. कोडसाठी मी ऑटोसेव्ह बंद ठेवतो आणि हॉट एक्झिट चालू. व्हीएस कोड मुळात असाच लावलेला येतो. फक्त एक बघून ठेवा: त्याच्या हॉट एक्झिटच्या सेटिंगला दोन पायऱ्या आहेत. एक पूर्ण प्रोग्रॅम बंद करतानाची, दुसरी नुसती एखादी विंडो बंद करतानाचीही. अनेक विंडो उघड्या ठेवून काम करणाऱ्याने दुसरी लावावी.

आता हिशोब मिनिटांचा. एडिटर या क्षणी पडला तर किती गेलं? हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो माहीत असणं म्हणजे निम्मी तयारी. विम नावाचा एडिटर 200 अक्षरं टाइप झाली की, किंवा 4 सेकंद हात थांबला की, आपली स्वॅप फाइल (न सेव्ह केलेल्या मजकुराची बाजूची प्रत) लिहितो. ईमॅक्स साधारण 300 कळी दाबल्यावर किंवा 30 सेकंदांच्या शांततेनंतर. नोटपॅड प्लस प्लस दर 7 सेकंदांनी, केट 15 सेकंदांनी. आणि मग येतात वर्ड आणि लिबरऑफिस, दोन्ही मुळात 10 मिनिटांवर लावलेले. 10 मिनिटांत चांगला लिहिणारा दोन परिच्छेद लिहितो, तेही बहुधा दिवसातले सर्वांत बरे दोन. हा आकडा आजच दोनवर आणा. पूर्वी मोठ्या फाइलला सेव्ह होताना संगणक अडखळायचा म्हणून तो मोठा ठेवण्यात अर्थ होता. साध्या मजकुरासाठी आज ती अडचण जाणवत नाही.

यानंतर प्रती राहतात कुठे ते शोधून ठेवा. क्रॅश झाल्यावर शोधायला गेलं की हात थरथरतात आणि चुकीच्या गोष्टी पुसल्या जातात. विंडोजवर व्हीएस कोड आणि नोटपॅड प्लस प्लस या दोघांच्याही प्रती ‘ॲपडेटा’च्या ‘रोमिंग’ फोल्डरात त्या-त्या नावाखाली ‘बॅकअप’च्या फोल्डरात असतात. विमची स्वॅप फाइल मूळ फाइलशेजारीच, नावाआधी टिंब आणि शेवटी ‘एसडब्ल्यूपी’. टिंबाने सुरू होते म्हणून साध्या यादीत ती दिसत नाही. ईमॅक्सची प्रत तिथेच, नावाच्या दोन्ही बाजूंना # लावलेली. त्याच्याच बाजूला ~ लागलेली दुसरी एक फाइल दिसेल. तिच्यावर भिस्त ठेवू नका. ती त्या बैठकीत पहिल्यांदा सेव्ह करताना घेतलेली जुनी प्रत असते, म्हणजे आजचं काम सुरू होण्याआधीचं चित्र. नॅनो हा साधा एडिटर चालू असताना काहीच बाजूला ठेवत नाही, पण टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) तुटलं किंवा त्याला बंद होण्याचा इशारा मिळाला तर जाता जाता नावापुढे ‘सेव्ह’ लावून एक फाइल टाकून जातो. ही सगळी ठिकाणं मी कागदावर लिहून ठेवली आहेत. आधी ती नोंद त्याच एडिटरच्या एका बिननावी टॅबमध्ये होती, हे कबूल केलेलं बरं.

इथे विमवाल्यांसाठी जरा थांबतो. स्वॅप फाइलींचा पसारा नको म्हणून बरेच जण त्या सगळ्या ‘टेम्प’ फोल्डरात वळवतात. सल्ला दिसायला नीटनेटका आहे. पण कितीतरी लिनक्सांवर तो फोल्डर मेमरीतच असतो किंवा मशीन सुरू होताना साफ होतो. म्हणजे नुसता विम पडला तर प्रत आहे, आणि मशीनच बंद पडलं, म्हणजे प्रत खरोखर हवी तेव्हा, नाही. पसारा नको असेल तर घरच्या फोल्डरात एक वेगळा कप्पा करा आणि तिकडे वळवा. त्याच बसल्या ‘अनडूफाइल’ही चालू करा. विम 7.3पासून ही सोय आहे. फाइल बंद करून उद्या उघडली तरी आजचे बदल एकेक करून मागे घेता येतात. चुकून अर्धा परिच्छेद पुसून वर सेव्ह केलं, तर त्यावर स्वॅप फाइलचा उपयोग शून्य आणि हिचा पूर्ण.

दूरच्या सर्व्हरवर जाऊन लिहीत असाल तर एडिटरआधी तिकडे टीमक्स किंवा स्क्रीन यांपैकी एक प्रोग्रॅम सुरू करा. जोडणी तुटली तरी आतलं सगळं तिकडे चालूच राहतं, परत जोडून घेतलं की कर्सर होता तिथेच. आणि एक फसवा प्रकार इथेच सांगतो. ग्राफिकल एडिटरच्या सवयीने टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबलं की काही वेळा पडदा गोठतो. काहीही टाइप करा, हलत नाही. एडिटर हँग झाला असं वाटून माणूस खिडकी बंद करतो आणि स्वतःच काम घालवतो. प्रत्यक्षात ती टर्मिनलची जुनी ‘थांब’ खूण आहे. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पुन्हा चालू होतं, मधल्या काळात टाइप केलेलंही उमटतं.

खरोखरच हँग झाला तर काय, हेही आधी ठरवून ठेवा. एक कप चहाइतकं थांबा. तोवर प्रतींचा फोल्डर उघडून शेवटची प्रत कितीची आहे ते बघा आणि ती दुसरीकडे कॉपी करा. मग बंद करायचाच तर आधी साधा ‘किल’ (प्रोग्रॅम बंद करायची आज्ञा) द्या, ‘किल उणे नऊ’ लगेच नको. साध्या इशाऱ्यावर विम आपली स्वॅप फाइल जपतो, ईमॅक्स जाण्याआधी प्रत लिहितो, नॅनो आपली फाइल टाकतो. उणे नऊ म्हणजे निरोप घ्यायलाही वेळ न देणं. तेव्हा हाती उरते ती फक्त शेवटची आपोआप लिहिलेली प्रत.

डिस्क भरलेली नाही ना, हे मधूनमधून बघा. जागा संपली की बाजूच्या प्रती लिहिणं सगळ्यांत आधी बंद पडतं आणि तक्रार पडद्याच्या कोपऱ्यात एका ओळीत येऊन जाते. वीज जाण्याचा प्रश्न लॅपटॉपवर बॅटरीने सुटतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा, कारण ‘लिहिलं’ असं एडिटर म्हणाला तरी ऑपरेटिंग सिस्टिम तो मजकूर काही काळ मेमरीत धरून ठेवते. लिनक्सवर हा काळ साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत जातो.

या प्रतींची दुसरी बाजूही आहे. तात्पुरता पासवर्ड बिननावी टॅबमध्ये चिकटवला तर तो बॅकअपच्या फोल्डरात साध्या अक्षरांत जाऊन बसतो. वेब सर्व्हरच्या फोल्डरात थेट विमने फाइल उघडली तर शेजारी पडलेली स्वॅप फाइल बाहेरच्यालाही मागवता येऊ शकते. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या दुर्लक्ष-यादीत या फाइलींचे नमुने घाला. आणि गिटवर विसंबून बसू नका. त्याला फक्त सेव्ह केलेलं दिसतं. व्हीएस कोडचा ‘टाइमलाइन’मधला स्थानिक इतिहासही सेव्ह झालेल्या आवृत्त्यांचाच.

एवढं झालं की रंगीत तालीम. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मला विचाराल तर बाकी सगळं गाळलंत तरी ही करा. एक खोटी फाइल घ्या, दहा ओळी टाइप करा, सेव्ह न करता थोडं थांबा आणि एडिटरला उणे नऊने किंवा टास्क मॅनेजरमधून पाडा. पुन्हा उघडा. काय परत आलं? मग तेच बिननावी टॅबवर करा. मग दोन विंडो उघड्या ठेवून करा. शेवटी ओळी टाइप करून मशीन रीस्टार्ट करा, आणि ‘हा प्रोग्रॅम बंद होऊ देत नाही, तरीही बंद करू?’ असं विचारलं तर होय म्हणा. नवं मशीन घेतलं किंवा एडिटरची मोठी आवृत्ती आली की तालीम परत. माझ्या गेल्या तालमीत नाव असलेल्या फाइली दर वेळी आल्या, बिननावी टॅब रीस्टार्टनंतर आला नाही. सेटिंग मीच कधीतरी बंद केलं होतं.

आणि प्रसंग आलाच तर क्रम असा. एडिटर पुन्हा उघडण्याआधी प्रतींचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, कारण उघडताना तो जुन्या प्रती साफ करू शकतो. मग उघडा. विम ‘स्वॅप फाइल सापडली’ म्हणून पडदाभर मजकूर दाखवेल, तो वाचा. त्यात प्रोसेसचा क्रमांक असतो. ती अजून चालू असेल तर क्रॅश झालेलाच नाही, दुसऱ्या खिडकीत तीच फाइल उघडी आहे. तिथे जा. प्रोसेस मेलेली असेल तर ‘रिकव्हर’ निवडा, आलेला मजकूर मूळ फाइलवर न लिहिता वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि दोन्हींतला फरक बघा. ईमॅक्समध्ये हेच काम ‘रिकव्हर-धिस-फाइल’ करतं, आणि पुष्कळ फाइली उघड्या असतील तर ‘रिकव्हर-सेशन’. फरक जुळला की विमची स्वॅप फाइल हाताने पुसा, तो स्वतः पुसत नाही. तशीच राहू दिली तर ती सूचना रोज येते, रोज ‘तरीही उघड’ दाबलं जातं, आणि पुढच्या खऱ्या क्रॅशनंतरही बोट तिथेच पडतं.